रुमालाखालचा सौदा : समाजमाध्यमे आणि छोटा दुकानदार

१

२८ डिसेंबर २०१५ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त मार्क झुकरबर्ग यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. तेव्हा आपल्याकडे 'फ्री बेसिक्स'चा वाद ऐन भरात होता. ठरावीक संकेतस्थळे मोबाइलवर फुकट मिळतील आणि बाकीच्या इंटरनेटसाठी पैसे मोजावे लागतील, अशी ती योजना. वाचनालये, सरकारी दवाखाने आणि शाळा यांच्याशी तिची तुलना करून झाल्यावर, युक्तिवादाच्या मोक्याच्या जागी लेखकाने एक माणूस उभा केला आहे : महाराष्ट्रातला गणेश नावाचा शेतकरी. गणेश मोबाइलवर हवामान पाहून पावसाळ्याची तयारी करतो, शेतमालाचे भाव पाहून चांगला सौदा करतो आणि आता नवी पिके व जनावरे यांत पैसा घालू लागला आहे. गणेशला आपली शेती अधिक चांगली करता आली तर त्यात इंटरनेटचे काय बिघडले, अशा अर्थाचा प्रश्न लेखात विचारला आहे.

मराठी वाचकाला या गणेशबद्दल साधे प्रश्न पडतात. त्याचे गाव कोणते? शेत कोरडवाहू की बागायती? तो माल कोणत्या बाजारात नेतो, आणि भाव कळल्यावर त्याच्या अडत्याने त्याला तो भाव दिला का? लेखात यातले काहीच नाही. गाव, पीक आणि कर्ज यांच्याविना एखादा शेतकरी आपल्या ग्रामीण कथेत आला असता, तर समीक्षकांनी त्याला कागदी पात्र म्हटले असते. मात्र या कागदी पात्राकडे एक काम होते. एका बलाढ्य कंपनीची बाजू एका गरीब माणसाच्या तोंडून मांडायची होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी 'ट्राय'ने अशा भेदभावाच्या दरांवर बंदी घातली आणि योजना भारतातून गेली. गणेशचे पुढे काय झाले हे त्या लेखाच्या वाचकांना कधी कळले नाही. लेखाला त्याची गरज उरली नव्हती.

समाजमाध्यमे आणि छोटे व्यावसायिक यांच्या नात्याकडे मी या गणेशच्या वाटेने पाहायचे ठरवले. अर्थशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. कागद मिळवणे, ते शेजारी शेजारी ठेवणे आणि एका कागदात जे आहे ते दुसऱ्यात का नाही हे पाहणे, एवढीच माझी पद्धत. या कंपन्या छोट्या दुकानदाराबद्दल फार बोलतात. त्या कोणासमोर बोलतात त्यानुसार तो दुकानदार कसा बदलत जातो, हे वाचण्यासारखे आहे.

२

२०२० हे वर्ष या वाचनासाठी सर्वांत सोयीचे, कारण त्या एका वर्षात छोट्या दुकानदाराला तीनदा नायक केले गेले.

२२ एप्रिलला, टाळेबंदी चालू असताना, फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवून ९.९९ टक्के हिस्सा घेतला. त्या प्रसंगी मुकेश अंबानी यांनी देशातल्या जवळजवळ ३ कोटी किराणा दुकानांचा उल्लेख केला : जिओमार्ट आणि व्हॉट्सॲप मिळून या दुकानांना आसपासच्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी जोडतील. प्रयोग सुरू झाला तो नवी मुंबई, ठाणे आणि कल्याण या पट्ट्यात. गंमत अशी, की याच पट्ट्यातले कितीतरी वाणी त्याआधीच व्हॉट्सॲपवर यादी घेऊन घरपोच सामान देत होते. दुकानदार आणि गिऱ्हाईक आधीच जोडलेले होते. नवी होती ती मधली जागा : त्या दोघांच्या मध्ये आता कोणीतरी अधिकृतपणे बसणार होते.

त्याच वर्षीच्या दिवाळीत फेसबुकने 'पूजा दीदी' ही जाहिरात-चित्रफीत आणली. अमृतसरची पूजा दुधाचे दुकान चालवते. टाळेबंदीत नोकऱ्या गेलेल्यांना काम देऊ करणारी पोस्ट ती फेसबुकवर टाकते, येईल त्याला ठेवून घेते, आणि दुकानाला ते झेपेनासे होते. शेवटी फेसबुकवरच्या पोस्टमुळेच गिऱ्हाइकांची रीघ लागते. चित्रफीत चांगली आहे. मी ती दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा शेवटी डोळे ओले झाले. म्हणूनच तिची रचना नीट पाहायला हवी. कथेत फेसबुक कोणाकडून काही घेत नाही. पूजा जाहिरातीसाठी एक रुपयाही मोजत नाही. तिची पोस्ट ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी त्यांच्यापर्यंत आपोआप पोहोचते. माणसांचा चांगुलपणा आणि त्यांचे एकत्र येणे यांच्यामध्ये मंच हवेसारखा आहे, कोणाला न दिसणारा. प्रत्यक्षात हीच एक गोष्ट असत्य आहे, आणि सगळी कथा तिच्यावर उभी आहे.

तिसरा कागद १६ डिसेंबरचा. अमेरिकेतल्या 'न्यूयॉर्क टाइम्स', 'वॉल स्ट्रीट जर्नल' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्रांत फेसबुकने पानभर जाहिरात दिली. आयफोनवर आपला माग काढू द्यायचा की नाही हे ॲपल यापुढे वापरणाऱ्यालाच विचारणार होते. त्याला विरोध करताना फेसबुकने आपण जगभरच्या छोट्या व्यावसायिकांसाठी ॲपलसमोर उभे ठाकलो आहोत असे म्हटले. व्यक्तीनुरूप जाहिराती गेल्या तर छोट्या जाहिरातदाराला खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे मिळणारी विक्री ६० टक्क्यांहून अधिक घटेल, असा आकडाही दिला. आकडा कंपनीच्या स्वतःच्या माहितीतून काढलेला होता आणि त्यावर लगेच आक्षेप आले. पुढे ॲपलचा नियम लागू झाला. २ फेब्रुवारी २०२२ रोजी कंपनीने, म्हणजे तोवर नाव बदललेल्या मेटाने, गुंतवणूकदारांना सांगितले की या बदलाचा फटका त्या वर्षी सुमारे १० अब्ज डॉलरचा असेल. दुसऱ्या दिवशी समभाग २६ टक्क्यांनी कोसळला. छोट्या व्यावसायिकाचे म्हणून सांगितलेले दुखणे कोणाचे होते, हे तेव्हा कळले. त्याला दुखलेच नाही असे मी म्हणत नाही, त्यालाही दुखले. पण वर्तमानपत्रातल्या पानभर जागेवर त्याच्या नावाने सही दुसऱ्याची होती.

३

आता चौथा कागद. हा जनतेसाठी नाही, गुंतवणूकदारांसाठी आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत प्रामाणिक आहे.

जुलै २०२० मध्ये द्वेषमूलक मजकुराच्या निषेधार्थ हजारावर जाहिरातदारांनी फेसबुकवर बहिष्कार घातला. त्यांत जगातल्या नामवंत कंपन्या होत्या. कंपनी आता नमते घेईल असे अनेकांना वाटले. महिनाअखेरीस तिमाहीचे आकडे सांगताना कंपनीने दोन गोष्टी नोंदवल्या. तिचे सक्रिय जाहिरातदार ९० लाखांहून अधिक होते, आणि सर्वांत मोठ्या १०० जाहिरातदारांकडून येणारा पैसा त्या तिमाहीच्या उत्पन्नाच्या १६ टक्केच होता. म्हणजे मोठे सगळे उठून गेले तरी घर पडत नाही. ते कोणाच्या खांद्यावर उभे आहे? उरलेल्या लाखोंच्या. मिठाईवाले, शिकवणीवाले, साडीवाल्या, सलूनवाले यांच्या.

पुढच्या तिमाहीत हा आकडा १ कोटीवर गेला. फुकटची साधने वापरणारे व्यवसाय तेव्हा २० कोटींहून अधिक होते. भागाकार आपणच करायचा : वीस दुकानदारांत एक पैसे भरतो, एकोणीस भरत नाहीत. २०२० सालचे कंपनीचे एकूण उत्पन्न सुमारे ८६ अब्ज डॉलर होते आणि त्यातले ८४ अब्जांहून अधिक जाहिरातींचे. याचा अर्थ असा, की त्या एकोणिसांपैकी विसावा कोण होणार, या प्रश्नावर कंपनीची वाढ अवलंबून आहे. फुकट बसलेल्याला पैसे भरायला लावायचे, तर फुकटात मिळणारी गोष्ट कमी कमी करत जाणे हा सर्वांत सोपा मार्ग.

दुकानदार मंचावर अवलंबून आहे, हे सगळेच म्हणतात. मंचही दुकानदारांवर अवलंबून आहे, हे या कागदाने सांगितले. पण दोन अवलंबनांत फरक आहे. मंच सगळ्या दुकानदारांवर मिळून अवलंबून आहे, एकावरही नाही. दुकानदार मात्र एकटा एका मंचावर अवलंबून आहे. सगळे मिळून ते मोठे आहेत आणि सुटे सुटे शून्य आहेत. त्यांना एकमेकांची नावेही ठाऊक नाहीत.

४

फुकटातले कसे कमी होत गेले याचा इतिहास फार जुना नाही. २०१२ मध्ये फेसबुकनेच सांगितले होते की एखाद्या पानावरची पोस्ट त्या पानाच्या सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंत पोहोचते. म्हणजे तेव्हाही शंभरातले चौऱ्याऐंशी लोक ती पाहत नव्हते. ओगिल्व्ही या जाहिरातसंस्थेने शंभरावर पानांची पाहणी केली, तेव्हा हे प्रमाण ऑक्टोबर २०१३ मध्ये १२ टक्के आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ६ टक्के निघाले. चार महिन्यांत निम्मे. नोव्हेंबर २०१४ मध्ये फेसबुकने जाहीर केले की जानेवारीपासून, निव्वळ विक्रीसाठी टाकलेल्या पोस्ट लोकांना कमी दिसतील. ११ जानेवारी २०१८ रोजी झुकरबर्ग यांनी पुन्हा सांगितले की आता मित्र आणि कुटुंबीय यांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. व्यवसाय, ब्रँड आणि माध्यमे यांचा मजकूर कमी दिसेल.

या घोषणांची भाषा पाहा. प्रत्येक वेळी कारण वाचकाच्या हिताचे आहे. लोकांना जाहिरातवजा पोस्टचा कंटाळा आला आहे, लोकांना आपली माणसे हवी आहेत. हे खोटेही नाही; तुम्हाआम्हालाही तसेच वाटते. पण त्याच भिंतीवर पैसे भरून टाकलेली जाहिरात मात्र दिसत राहते. कंटाळा फुकटच्या विक्रीचा येतो आणि विकतच्या विक्रीचा येत नाही, असे तर माणसाच्या मनाचे नसते.

दुकानदाराच्या बाजूने या इतिहासाचा अर्थ असा. त्याने २०११-१२ मध्ये पान उघडले, दुकानात येणाऱ्याला 'आमचे पान लाइक करा' म्हणून सांगितले, फलकावर आणि पिशवीवर ते चिन्ह स्वतःच्या खर्चाने छापले. थोडक्यात, आपली गिऱ्हाइके त्याने स्वतःच नेऊन तिथे बसवली. काही वर्षांनी त्याच गिऱ्हाइकांशी बोलायला त्याला पैसे पडू लागले. पिशवीवरच्या त्या चिन्हाच्या छपाईचे पैसे त्याला कोणी दिले नव्हते.

'प्लॅटफॉर्म' या शब्दाला मराठीत आपण 'मंच' म्हणतो आणि फसतो. मंच म्हटले की भाषण आठवते, आणि भाषणाला भाडे नसते. दुकानदारीत या वस्तूचा जुना शब्द 'ओटा'. नगरपालिकेच्या मंडईत ओट्याला क्रमांक असतो, भाडे ठरलेले असते, भाड्याची पावती मिळते. ओटा काढून घ्यायचा तर नोटीस द्यावी लागते. नगरसेवकाकडे जाऊन भांडता येते. शेजारच्या ओट्यावर कोण बसते आणि ती किती भाडे भरते, हे भाजीवाल्या मावशींना तोंडपाठ असते. आपल्या नव्या ओट्याला यातले काही नाही.

५

पावतीचा मुद्दा आला म्हणून शेतमालाच्या बाजाराकडे वळतो. गणेश तिथलाच आहे.

नियमन येण्याआधी आपल्या बाजारांत रुमालाखालचा सौदा चाले. 'हत्ता पद्धत' असे तिचे नाव. शेतकऱ्याचा माल समोर पडलेला असे. अडत्या आणि खरेदीदार आपले हात एका कापडाखाली घालत आणि बोटे दाबून एकमेकांना भाव सांगत. खरेदीदार बदले, पुन्हा कापड, पुन्हा बोटे. शेवटी अडत्या शेतकऱ्याला भाव सांगे. शेतकरी तिथेच उभा असे, सगळे त्याच्या डोळ्यांदेखत चालले असे, आणि तरी कोणी किती बोलले हे त्याला कळत नसे. सौदा गुप्त नव्हता, तो कापडाखाली होता. या दोहोंत फरक आहे. गुप्त सौद्याचा निदान संशय घेता येतो. कापडाखालच्या सौद्याला शेतकरी स्वतःच साक्षीदार ठरतो.

आता समाजमाध्यमांवरील जाहिरातीचा लिलाव पाहा. एखादा माणूस फोन उघडतो त्या क्षणी त्याला कोणती जाहिरात दाखवायची याचा लिलाव होतो. त्यात केवळ जास्त पैसे बोलणारा जिंकतो असे नाही. बोली, हा माणूस ती जाहिरात पाहून अपेक्षित कृती करील याचा मंचाने बांधलेला अंदाज, आणि जाहिरातीच्या दर्जाविषयी मंचाचे मत, या तिन्हींची गोळाबेरीज होते. दुकानदाराला कळते ते एवढेच : आज पाचशे रुपये गेले आणि इतक्या लोकांनी पाहिले. शेजारच्याने किती बोली लावली, अंदाज किती बांधला, दर्जा कशावरून ठरला, हे कापडाखाली. दिवाळीच्या तोंडावर मोठमोठ्या कंपन्या त्याच लिलावात उतरतात आणि तेच पाचशे रुपये कमी लोकांपर्यंत जातात. नेमकी ज्या पंधरवड्यात वर्षाची कमाई व्हायची, त्याच पंधरवड्यात चकलीवालीला मोबाइल आणि मोटारी विकणाऱ्यांशी बोली लावावी लागते.

शिवाय जुन्या बाजारात अडत्या वेगळा, खरेदीदार वेगळा आणि बाजाराची जागा तिसऱ्याची असे. इथे जागा, लिलाव पुकारणारा, माल तोलणारा आणि हिशोब लिहिणारा एकच आहे. किती लोकांनी जाहिरात पाहिली हे मोजतो तोच, आणि त्या मापावर पैसे घेतो तोही तोच. तोलाराला परवाना हवा आणि तो कोणा एका बाजूचा नोकर नको, हे आपल्या बाजार कायद्यांना फार पूर्वी कळले होते.

ती समज लगेच आली नाही. वऱ्हाडातल्या कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमनाखाली आला. देशातला तो पहिला मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, १९३९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा आला आणि महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३ चा. कापड हटवून उघड लिलाव, परवानाधारक तोलार आणि शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी, इतक्या साध्या गोष्टींना कारंज्यापासून मोजले तर पाऊणशे वर्षे लागली.

या तुलनेत मला बाजार समित्यांची आरती करायची नाही. उघड लिलावाच्या पाठीशी काय काय चालते हे ज्याने कांदा विकला आहे त्याला विचारावे. परवाने मूठभरांच्या हाती गेले, समित्या राजकारणाच्या अड्ड्यांत बदलल्या, आणि २०१६ मध्ये राज्य सरकारला फळे-भाजीपाला समित्यांच्या नियमनातून बाहेर काढावा लागला. पण एक फरक राहतो. बाजार समितीत अन्याय झाला तर तो अन्याय आहे हे सिद्ध करायला शेतकऱ्याच्या हाती पट्टी असते. आंदोलन करायला, वर्तमानपत्रात द्यायला, कोर्टात जायला कागद लागतो. कापडाखालच्या सौद्यात अन्याय झाला की नाही, हेच मुळी कळत नाही.

६

मग हे लोक तिथे राहतात कशाला? हा प्रश्न शहरी, नोकरदार वाचक सहज विचारतो. त्याला पगार बँकेत मिळत असतो.

उत्तर सोपे आहे. दुसरे काय होते? गाळ्याची अनामत भरणे ज्यांना कधी शक्य नव्हते, ज्यांना घरून बाहेर पडून व्यवसाय करायला परवानगी नव्हती, त्यांना या माध्यमांनी दुकान दिले. त्यात बायका फार मोठ्या संख्येने आहेत. माझ्या इमारतीत एक ताई फराळ करतात. पूर्वी त्यांचे गिऱ्हाईक दोन जिन्यांपुरते होते. गेल्या काही वर्षांत त्यांच्या अनारशांची पार्सले परगावी जाऊ लागली. हे काम कोणत्याही सरकारी योजनेने केले नव्हते. जे मिळाले ते खरे आहे, आणि टीका करणाऱ्याने ते आधी मान्य करायला हवे.

एका वर्षी वसुबारसेच्या आठवडाभर आधी त्यांचे खाते बंद झाले. कोणत्या माध्यमावरचे ते इथे महत्त्वाचे नाही. नियमांचा भंग झाला आहे एवढाच संदेश आला; कोणता नियम, कोणत्या पोस्टने मोडला, हे नाही. त्या माझ्याकडे फोन घेऊन आल्या. "दादा, तुम्ही एवढे कागद वाचता, यांना एक अर्ज लिहून द्या ना." अर्ज कोणाला लिहायचा, हे शोधण्यात आमची दोन संध्याकाळी गेल्या. पत्ता नव्हता, माणूस नव्हता. होते ते एक रकाना भरायचे पान, आणि भरले की 'आपली विनंती मिळाली' असे तेच उत्तर. खाते भाऊबीज झाल्यावर परत मिळाले, त्याचेही कारण कळले नाही. चाळीस किलो भाजणी घरात पडून होती. त्या मला म्हणाल्या, "चूक सांगितली असती तर पाया पडून सुधारली असती हो." हे वाक्य मी विसरलेलो नाही. कारण न देता शिक्षा झाली की माणूस आपल्यातच चूक शोधू लागतो.

हे एकटीचे झाले. कधी सगळ्यांचेच होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम बंद पडले ते सुमारे सहा तास. घटस्थापना तीन दिवसांवर होती. नवरात्राच्या नऊ रंगांच्या साड्या घरून विकणाऱ्यांची, स्वयंपाकघर आवरून ऑर्डरी घेण्याची हीच वेळ. तीन दुकाने एका मालकाची असल्यावर एकाला कुलूप लागले तर तिन्हींना लागते, हे त्या रात्री कळले. आणि त्याआधी, २९ जून २०२० रोजी, सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यात टिकटॉक होते. भारतात त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. देशाच्या सुरक्षेचा तो निर्णय योग्य की अयोग्य हा इथला विषय नाही. पण टिकटॉकवर गिऱ्हाईक जमवलेल्याच्या हाती त्यातले एकही नाव उरले नाही. ओटा मालकाने मोडला काय, सरकारने मोडला काय, वर बसलेल्याची वही दोन्ही वेळा जाते.

७

आता थोडे आपल्याच घरातले. गेल्या दहा-बारा वर्षांत मराठीत उद्योजकता-साहित्य नावाचा एक प्रकार जोरात आला आहे. पुस्तके, शिबिरे, रविवार पुरवण्यांतली सदरे. मराठी माणसाने धंद्यात यावे ही त्यामागची तळमळ खरी आहे, आणि ते लेखन वाचून उभी राहिलेली माणसे मला माहीत आहेत. पण समाजमाध्यमांचा विषय आला की हे सगळे लेखन एका सुरात बोलते : सातत्य ठेवा, रोज पोस्ट करा, रील करा, ट्रेंड पकडा. पोहोच घटली तर तुमच्यात सातत्य नाही. विक्री झाली नाही तर तुमचा मजकूर कंटाळवाणा आहे.

या उपदेशात मंच पावसासारखा येतो. पावसावर टीका करायची नसते, पेरणी नीट करायची असते. पण पाऊस सुलतानी नाही, अस्मानी आहे. हा मात्र सुलतानी कारभार आहे. कोणीतरी माणसाने, एका बैठकीत, एका तारखेला तो ठरवलेला असतो, आणि त्या तारखा वर दिल्या आहेत. अस्मानी आणि सुलतानी यांतला भेद आपल्या भाषेने शतकानुशतके जपला. व्यवसायावर लिहिणाऱ्यांनी तो विसरावा, हे मला या लेखनाचे सर्वांत मोठे अपयश वाटते. अनारसे करणाऱ्या ताई 'माझीच काही चूक असेल' म्हणाल्या, तेव्हा त्यामागे या उपदेशाचाही हात होता.

८

मग मागायचे काय? मंच फुकट असावा, पोहोच पूर्ववत व्हावी, असे मागण्यात अर्थ नाही. ओट्याला भाडे असावे. पण भाड्याची पावती असावी, आणि उठवताना कारण सांगावे.

ही मागणी अद्भुत नाही. युरोपीय संघात १२ जुलै २०२० पासून याविषयीचा नियम लागू आहे. मंचाने आपल्यावरच्या व्यावसायिकाची सेवा थांबवली तर कारणे लेखी द्यायची, आणि ती कायमची बंद करायची असेल तर सामान्यतः ३० दिवस आधी कळवायचे. मजकुराचा क्रम कोणत्या मुख्य गोष्टींवरून लागतो, तेही अटींत सांगायचे. आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार अधिकारी आणला, त्याने ठरावीक मुदतीत तक्रार निकाली काढायची. जानेवारी २०२३ मध्ये त्यावर अपील समित्याही नेमल्या गेल्या. हे पाऊल पुढचेच आहे. मात्र त्या नियमांचा तक्रारदार 'वापरकर्ता' आहे, 'दुकानदार' नाही. खाते बंद पडल्याची दाद त्याला मागता येईल. दिवाळीचे आठ दिवस बुडाले त्याची भरपाई कोठे मागायची, आणि पोहोच निम्मी झाली ही तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची, हे प्रश्न उरतातच. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या धोरणावरून मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तुमच्या अटी मान्य करा नाहीतर निघा, हा पवित्रा बलिष्ठाने घेऊ नये, हे त्यात अधोरेखित झाले. दंड सरकारजमा होतो. दुकानदाराला हवी आहे ती पट्टी.

पट्टीत तीन गोष्टी असाव्यात. खाते थांबवल्याचे नेमके कारण, आणि ऐकून घेणारा माणूस. जाहिरातीचे पैसे कशाचे कापले, याचा तिऱ्हाइताला तपासता येईल असा हिशोब. आणि आपल्या गिऱ्हाइकांची यादी, त्यांच्या संमतीने, दुसरीकडे नेण्याची मुभा. यातली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण गिऱ्हाईक हीही कोणाची मालमत्ता नव्हे. त्याला न विचारता त्याचा क्रमांक इकडून तिकडे जाऊ नये. पण जो दुकानदाराचा नाही तो मंचाचाही नाही, एवढे तरी कायद्याने म्हणावे.

आणि कायद्याची वाट न पाहता करण्याजोगी एक गोष्ट आहे. खाते गेले त्या वर्षीपासून फराळवाल्या ताईंनी एक दोनशे पानी वही केली आहे. ऑर्डर कुठूनही येवो, नाव, गाव, फोन आणि काय आवडले ते त्या हाताने लिहून ठेवतात. दुसऱ्या दिवाळीला त्यांनी त्या वहीतल्या प्रत्येकीला स्वतः फोन केला. गळा बसला, पण भाजणी उरली नाही. या वहीने मंचाची जागा भरून निघत नाही. नवे गिऱ्हाईक आजही तिकडूनच येते, आणि पाचशे रुपये त्या आजही भरतात. फक्त कापडाखाली हात चालू असताना आपल्याजवळ काय आहे, हे आता त्यांना माहीत असते.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे व्यापारी वहीची पूजा करतात. पैशाआधी वही, कारण कोणाशी आपला व्यवहार आहे याची नोंद हेच व्यापाऱ्याचे खरे भांडवल. आज लाखो छोट्या दुकानदारांची ती वही त्यांच्या दुकानात नाही. ती जिथे आहे तिथल्या लोकांना गणेश आणि पूजा यांच्या गोष्टी सांगता येतात. गणेशला भाव कोणी किती दिला, हे मात्र त्यांनी अजून सांगितलेले नाही.